डागखोलीचे डॉक्टरसाहेब

लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाशी काय बोलावं याचे काही संकेत असतात. आमच्या डॉक्टरसाहेबांना ते मान्य नव्हते. अकोल्यातल्या आमच्या कापडमिलच्या हेडक्लार्कच्या मुलाचं लग्न होतं. मुंडावळ्या बांधलेला तो पोरगा सकाळपासून पाटावर बसून कंटाळला होता. डॉक्टरसाहेबांनी त्याच्या हातात नारळ दिला, चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "लघवी झाली का?" मुलीकडची मंडळी पुण्याची होती. त्यांचे एक मामा जिलबीचा तुकडा तोंडाशी धरून तसेच थांबले. नवरा मुलगा मात्र "नाही साहेब, सकाळपासून नाही" म्हणाला आणि सुटका झाल्यासारखा उठून गेला. तो परत येईपर्यंत मंगलाष्टकं थांबली होती.

मी त्यांच्या हाताखाली मिलच्या दवाखान्यात सिस्टर होते. अमरावतीला नर्सिंगचं शिक्षण घेऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, डॉक्टर म्हणजे पांढरा कोट, गळ्यात नळी आणि तोंडात इंग्रजी. इथे पाहते तो बाळापूरचे एक गृहस्थ, साठीच्या घरातले, धोतरावर कोट, डोक्याला टोपी, आणि बोलणं असं की पहिल्या दिवशी मी कानांना हात लावले. गावात त्यांना 'मुत्या डॉक्टर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. कोणी पत्ता विचारत आला की ते स्वतःच सांगत, "मुत्या डॉक्टर काय? मीच तो. बसा."

त्यांचं सगळं शास्त्र पाठीमागे बसलेल्या दोन मूत्रपिंडांपाशी सुरू होई आणि बहुतेक तिथंच संपे. ते त्यांना 'ते दोघे भाऊ' म्हणत. "हृदयाले सारे विचारतात, बाई. पोटाले तं दिवसातून चारदा विचारतात. हे दोघे भाऊ मांगं बसून राहातात, सारा गाव धुतात, अन् यायले कोनी रामराम बी करत नाही," असं ते मला दर आठवड्याला एकदा ऐकवत. म्हणून त्यांचा रामराम म्हणजे तो प्रश्न. जेवलात का, बरं आहे का, पाऊस काय म्हणतो, या साऱ्याच्या जागी तो एकच.

दुसरी खोड त्याहून वाईट होती. कोणीही समोर खुर्चीत बसलं की हे वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबत. बोलणं चालूच असे. अंगठा उचलल्यावर तिथं खड्डा राहतो का पाहायचं, म्हणजे अंगावर सूज आहे की नाही ते कळतं. रोग्यांचं ठीक आहे, पण पोस्टमास्तर, भाजीवाला, शाळा तपासायला आलेले साहेब, कोणी सुटलं नाही. दवाखान्यात त्यांचा स्पिरिटचा दिवा सारखा जळत असे. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, वरचा भाग दिव्यावर तापवायचा, ढगाळ झाली तर आम्लाचे थेंब टाकायचे आणि तरीही ढग राहिला की समजायचं दोघे भाऊ आजारी आहेत. चहाही ते दिव्यावरच करत. चहाचा दिवा वेगळा आहे असं ते शपथेवर सांगत, पण दोन्ही दिवे एकाच घडणीचे असल्यामुळे त्यांच्याकडचा चहा माझ्या माहितीत कोणी प्यायला नाही. मीही नाही.

आता डागखोलीचं सांगते, कारण त्या खोलीशिवाय हा माणूस नुसता विक्षिप्त म्हणूनच राहिला असता.

मागावर कापड विणताना त्यावर तेलाचे डाग पडतात. घडी घालण्याआधी ते डाग काढावे लागतात. त्यासाठी मिलमध्ये एक वेगळी खोली होती. जमिनीवर तरट अंथरलेलं, त्यावर माणसं मांडी घालून बसायची, कापड मांडीवर ओढून घ्यायची, आणि पिंपातून काढलेल्या एका पाण्यासारख्या पातळ द्रवात चिंधी बुडवून डाग पुसायची. सगळे त्याला 'डागपाणी' म्हणत. त्याला गोडसर वास होता. ते लावलं की तेल विरघळे आणि बघता बघता उडून जाई, कापड ओलंसुद्धा राहत नसे. खोलीची दारं-खिडक्या मात्र बारा महिने बंद. बाहेर बॉयलरच्या धुराड्याची काजळी आणि उडता कापूस. पांढऱ्या कापडावर एक कण बसला तरी मुकादम बोंब मारायचा. उन्हाळ्यात तर दारांवर भिजवलेली तरटं टांगत, म्हणजे गरम वारा आत यायला नको.

ही नोकरी मिलमध्ये सर्वांत सुखाची समजत. मागांचा खडखडाट नाही, बसून काम, सावली, गारवा, वर सुगंध. माझा धाकटा भाऊ सुखदेव हाताचा हलका म्हणून त्याला तिथं घेतलं, तेव्हा आमच्या वस्तीत मायनं गूळ वाटला होता.

अठ्ठावन्न-एकोणसाठ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. थंडी बऱ्यापैकी पडली होती. डागखोलीतली माणसं एकामागून एक दवाखान्यात यायला लागली. डोकं दुखतं, मळमळतं, लघवी कमी होते, जळजळते. मी विचारलं की प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं, "काही नाही सिस्टर, उन्हाळी लागली." वऱ्हाडात उन्हाळी कोणाला लागत नाही? धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं, सब्जा भिजवून घ्यायचा, दोन दिवसांत माणूस बरा. मीही तेच सांगून त्यांना वाटेला लावत होते. डॉक्टरसाहेब आतून ऐकत होते. एका सकाळी ते बाहेर आले. अंगावर घोंगडी, कानाला मफलर. म्हणाले, "बाई, मले हुडहुडी भरून राहिली अन् यायले उन्हाळी लागून राहिली. हे कसं काय?"

त्यांनी डागखोलीतल्या सगळ्यांना लघवी घेऊन यायला सांगितलं. आमच्या दवाखान्यात इतक्या बाटल्या कुठल्या? म्हणून कोणी सोड्याच्या बाटलीत आणली, कोणी अत्तराच्या कुपीत, एकानं तर चिमणीच्या रॉकेलच्या बाटलीत आणली आणि ती दिव्यावर धरताना मी जरा लांब उभी राहिले. दिवसभर नळ्या तापत होत्या. संध्याकाळपर्यंत लाकडी घोडीवर ढगाळ नळ्यांची रांग लागली. माग चालवणाऱ्यांच्या नळ्या मात्र स्वच्छ होत्या.

मग ते स्वतः डागखोलीत गेले. दारातच थांबले, नाक वर करून वास घेतला आणि मला म्हणाले, "हा वास माह्या ओळखीचा हाय." पिंपावरचं नाव वाचलं, कार्बन टेट्राक्लोराइड. "आमच्या तरुणपनी हे जंताचं औषध होतं, बाई. थेंब मोजून पाजत होतो. मंग बंद केलं." का बंद केलं ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

मिलचे मॅनेजर कानपूरकडचे. स्वच्छ टेरिलिनची पँट, बोटात अंगठी. डॉक्टरसाहेबांनी त्यांना सांगितलं की दारं उघडा, माणसांना जमिनीवरून उठवून टेबलावर काम द्या, जमलं तर हे पाणीच बंद करा. बोलता बोलता वाकले आणि मॅनेजरच्या नडगीवर अंगठा दाबला. मॅनेजरनी पाय मागे घेतला. म्हणाले, "डॉक्टर, ये लोग पीते हैं. और कुछ नहीं है." ते स्वतः रोज डागखोलीच्या दारात उभे राहून पाहणी करत, त्यांना कधी काही झालं नव्हतं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "काही पितात, खरं हाय. जे पितात त्यायले हे पयले धरते. जे पीत नाहीत त्यायले मांगून धरते." मॅनेजर हसले आणि विषय संपला. दारं बंदच राहिली.

मे महिन्यात सुखदेव पडला.

आधी उलट्या झाल्या, मग डोळे पिवळट, तोंडावर सूज, आणि दुसऱ्या दिवसापासून लघवीचा थेंब नाही. मुकादमानं सवयीप्रमाणे वर कळवलं की दारू प्यायला असेल. मी तेव्हा मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या घरानं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, पंचशील घेतलं. त्या दिवसापासून सुखदेवनं दारूचा थेंब ओठांना लावला नव्हता. वस्तीतली लहान पोरंसुद्धा हे सांगू शकली असती.

डॉक्टरसाहेबांनी त्याला आमच्याच दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवून घेतलं. असल्या रोग्याचं रक्त धुऊन देणारं यंत्र परदेशात निघालंय असं त्यांनी वाचलं होतं, पण ते अकोल्याला यायला अजून खूप वर्षं होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हे दोघे भाऊ मेले नाहीत, बेहोश हायेत. शुद्धीवर येतीन. तोवर आपन यायच्या डोक्यावर ओझं टाकाचं नाही. जेवढं घामात जाते, तेवढंच पानी. एक थेंब जास्त नाही."

मी शिकलेली सिस्टर, मला ते पटलं. पण ते मे महिन्यातल्या अकोल्यात पाळायचं होतं. पत्र्याचं छप्पर, दुपारी भिंतीला हात लावला तर भाजायचं. सुखदेव जीभ ओठांवर फिरवत "पानी, ताई, पानी" करायचा. त्याला दिवसभरात चहाच्या कपांनी मोजून पाणी. खायला डाळ नाही, दूध नाही, फळ नाही. लोणी आणि साखर, एवढंच. माय ते ताट पाहून म्हणाली, हे काय लेकराच्या आजारपणाचं खाणं आहे?

मायचा विचार साधा होता. लघवी अडली म्हणजे उन्हाळी, आणि उन्हाळीला पाणी पाजायचं. हा डॉक्टर तिच्या तहानलेल्या पोराला पाणी देत नव्हता. वस्तीतून बायका यायच्या, त्याही तेच म्हणायच्या. एकदा दुपारी मी औषधाच्या खोलीत होते, परत आले तर माय लुगड्याच्या पदराखालून धने-जिऱ्याच्या पाण्याचा तांब्या काढून सुखदेवच्या तोंडाला लावत होती. मी तो हिसकून घेतला. मायनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला रडू आलं. ती म्हणाली, "तू नर्स झाली, पर बहीन राहिली नाही."

डॉक्टरसाहेब दारात उभे होते. त्यांनी आपली खुर्ची ओढून सुखदेवच्या खाटेला लावली, टोपी काढून ठेवली आणि मला म्हणाले, "बाई, याच्या कपासंगं माहाबी एक कप मांडा. जेवढं त्याले, तेवढंच मले."

मला वाटलं, मायला समजावण्यासाठी संध्याकाळपर्यंत करतील. पण त्यांनी ते दिवसामागून दिवस खरोखरच पाळलं. इतर रोगी पाहून येत आणि पुन्हा त्या खुर्चीत बसत. सुखदेवला कप दिला की स्वतःचा कप पीत, त्याच्याच घोटानं. दोन दिवसांत त्यांचे ओठ फुटले. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला आणि ते बरंचसं खुणांनीच बोलायला लागले. त्यांच्या घरून सरबत आलं, त्यांनी ते परत पाठवलं. मी हात जोडून सांगितलं की तुमचे दोघे भाऊ चांगले आहेत, त्यांना का शिक्षा? ते म्हणाले, बाई, या पोराला कळू दे की हे पाळता येतं.

त्यातल्याच एका दुपारी माय भिंतीला टेकून झोपली होती, सुखदेवला उचकी लागली होती आणि ती थांबत नव्हती. उचकी वाईट, हे मलाही ठाऊक होतं. डॉक्टरसाहेब त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते. तेव्हा त्यांनी बसलेल्या आवाजात मला ती जुनी गोष्ट सांगितली. ते नुकतेच डॉक्टर झाले होते. एका तरुण मजुराला त्यांनी जंताचं ते औषध दिलं. त्याची लघवी बंद झाली. तेव्हाचं शास्त्र पाणी पाजा म्हणत होतं, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं त्याला भांडीच्या भांडी पाजली. तो फुगत गेला आणि गेला. "त्याच्या मायनं माहे पाय धरले होते, बाई. म्हने, साहेब, तुमी लई केलं." त्यांच्या त्या प्रश्नाला आम्ही सारं गाव हसत होतो, तो त्यांना कुठून लागला, ते मला त्या दुपारी कळलं.

माय झोपलेली नव्हती. ती उठली, तांब्या घेऊन बाहेर गेली आणि अंगणातल्या तुळशीशेजारच्या कडुनिंबाला सगळं पाणी ओतून आली. त्यानंतर सुखदेवच्या खाटेपाशी पाणी घेऊन येणाऱ्या बाईला मायच दारातून परत पाठवायला लागली. संध्याकाळी ती डॉक्टरसाहेबांपुढे उभी राहून म्हणाली, "साहेब, तो माहा पोरगा हाय, तो सोशीन. तुमी तरी प्या."

ते म्हणाले, "आधी हा मुतू दे, माय. मंग पितो."

आठवडा उलटून गेला होता. एका पहाटे मी खाटेशेजारी खाली बसल्याबसल्या डुलकी घेत होते. सुखदेवनं मला हलवलं. लाजून हळूच म्हणाला, "ताई, भांडं दे."

थोडीशीच झाली. काळपट, गढूळ. पण झाली. डॉक्टरसाहेबांनी ती बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मग मायला हाक मारली आणि देवळातला प्रसाद द्यावा तशी ती बाटली दोन्ही हातांनी तिच्यापुढे केली. "पाहा माय. उठले दोघे भाऊ."

आणि मग म्हणाले, "पानी दे."

दवाखान्यातला माठ बाहेर होता. माय गोंधळली. तिच्याजवळ फक्त वस्तीतून भरून आणलेला तिचा पितळेचा तांब्या. त्या काळी आमच्या वस्तीतलं पाणी गावातली किती माणसं पीत होती, ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरसाहेबांनी तिच्या हातातून तांब्या घेतला, तोंड वर केलं आणि रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही. पाणी हनुवटीवरून कोटावर सांडत होतं. माय रडत होती आणि हसतही होती, आणि मीही.

त्यानंतरच्या दिवसांत सुखदेवनं भांड्यामागून भांडी भरली. आता डॉक्टरसाहेबच ओरडत होते, "पाजा त्याले, पाजा, आता रोखू नका." दोघे भाऊ बेहोशीतून उठले की सुरुवातीला पाणी धरून ठेवत नाहीत, सगळं सोडून देतात, म्हणून.

पेढ्यांची गोष्ट त्याच आठवड्यातली. डॉक्टरसाहेबांनी बाजारातून पेढ्यांची टोपली आणली आणि पाळी सुटायच्या वेळी मिलच्या फाटकात उभे राहिले. जो बाहेर येईल त्याच्या हातावर पेढा. लोक विचारायचे, काय साहेब, नातू झाला का? ते म्हणायचे, "नाही बाप्पा, सुखदेव मुतला." पहिल्यांदा माणूस दचकायचा, मग हसायचा, मग पेढा तोंडात टाकून पुढे जायचा आणि दुसऱ्याला सांगायचा. थोड्याच वेळात साऱ्या फाटकात ती बातमी पसरली. लोक टोप्या उडवत होते. मुकादमसुद्धा पेढा घेऊन गेला, मान खाली घालून.

मॅनेजरची गाडी आली. त्यांनी गर्दी पाहिली, काच खाली केली, पेढा घेतला, खाल्ला आणि मग विचारलं, "किस खुशी में?" डॉक्टरसाहेबांनी त्यांनाही तेच उत्तर दिलं, हिंदीत. मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण पेढा गिळून झाला होता. "आप मुँह मीठा कर चुके," डॉक्टरसाहेब म्हणाले, "अब थोडी देर मेरे साथ बैठिए." सगळी मिल पाहत होती. माणूस नाही म्हणू शकला नाही.

ते त्यांना डागखोलीत घेऊन गेले. दारावर भिजलेली तरटं होती, आत दुसऱ्या पाळीची माणसं कामाला बसली होती. मॅनेजर नेहमीप्रमाणे दारात उभे राहिले. डॉक्टरसाहेबांनी तरटावर हात थोपटला. "उभ्यानं काय कळते? हा वास जड हाय. खाली बसते. जिथं हे बसतात, तिथं बसा." मॅनेजर टेरिलिनची पँट सांभाळत मांडी घालून बसले. डॉक्टरसाहेबही शेजारी बसले. एक कापड पुसून होईपर्यंत बसायचं, एवढंच ठरलं होतं. कापड अर्ध्यावर आलं तोवर मॅनेजरनी कपाळाला हात लावला. थोड्या वेळानं रुमाल नाकाला. शेवटी ते भिंतीला धरून उठले, बाहेर अंगणात आले आणि पेढा तिथंच उलटून पडला. डॉक्टरसाहेबांनी त्यांना बाकावर बसवलं, वारा घातला, सवयीनं नडगी दाबली. या वेळी त्यांनी पाय मागे घेतला नाही.

त्याच संध्याकाळी डागखोलीची दारं उघडली. पुढे खिडक्या मोठ्या झाल्या, माणसांना उंच टेबलं मिळाली, छताखाली हवा ओढणारा पंखा लागला, आणि वर्षभरात ते डागपाणीच बंद होऊन साबण आणि गरम पाणी आलं. कामाला वेळ जास्त लागायचा. मुकादम कुरकुर करायचा. तिथल्या माणसांच्या नळ्यांतले ढग हळूहळू विरळ होत गेले. ज्या दिवशी डागखोलीतल्या सगळ्यांच्या नळ्या स्वच्छ निघाल्या, त्या दिवशी डॉक्टरसाहेबांनी मला चहा दिला. मी तो प्यायले. कोणत्या दिव्यावर केला होता ते विचारलं नाही.

बासष्ट साली सुखदेवचं लग्न झालं. वस्तीतल्या पटांगणात मांडव, समोर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या लावलेल्या, नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. अमरावतीहून नवरीची माणसं आली होती, नीटनेटकी, शिकलेली. वंदना म्हणणारे भंतेजी तयार होते. तेवढ्यात माय पुढे आली आणि म्हणाली, जरा थांबा.

नवरीच्या बापाला वाटलं काही मानपान राहिला. मायनं मागच्या रांगेत बसलेल्या डॉक्टरसाहेबांकडे बोट केलं. "साहेबानं अजून इचारलं नाही," ती म्हणाली. "त्याईनं इचारल्याबिगर माह्या पोराचं लगन लागनार नाही."

डॉक्टरसाहेब उठले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना लाजताना पाहिलं. टोपी सारखी केली, पुढे आले, सुखदेवच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं.

सुखदेव सरळ उभा राहिला आणि पटांगणाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडून म्हणाला, "झाली, साहेब!" आमच्या वस्तीनं टाळ्या वाजवल्या, त्या कशासाठी ते नवरीकडच्यांना काही कळेना. माय म्हणाली, आता सुरू करा.